घरातला नमुना

बढतीसाठी आपल्याला फक्त आपले लेख दाखवायचे आहेत, काम एका बैठकीत होऊन जाईल, असं सरांनी एका सोमवारी दाढी करता करता ठरवलं. (माणसाने दाढी करताना काही ठरवू नये. समोर जो एकुलता एक श्रोता असतो, तो प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो.)

सर महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत. मुलं त्यांना 'अर्थात सर' म्हणत, कारण ज्या वाक्यात 'अर्थात' बसत नाही असं वाक्य त्यांना अजून सापडायचं होतं. वर्गात हजेरी घेतानाही ते 'अर्थात, गैरहजर' असं म्हणत.

त्या सोमवारी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले ते एक फुगलेली पिशवी घेऊनच. पिशवीतून कात्रणांचा गठ्ठा टेबलावर आला.

"हे काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझं प्रकाशित लेखन. अर्थात, निवडक."

प्राचार्यांनी वरचं कात्रण उचललं. 'बायको गप्प असेल तर काय समजावे?' असा मथळा होता. शेजारी हातात कात्री घेतलेल्या एका बाईचं चित्र, आणि खाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात.

"सर, हे साप्ताहिक आहे."

"अर्थात. दर शुक्रवारी निघतं."

"बढतीला पीअर-रिव्ह्यूड जर्नलमधला शोधनिबंध लागतो."

"मग हेही रिव्ह्यू होतंच की! संपादक स्वतः वाचतात."

"वाचून काय म्हणतात?"

सरांनी आठवून सांगितलं, "म्हणतात, दोन ओळी कमी करा, तेलाची बाटली बसत नाही."

प्राचार्यांनी गठ्ठा पुन्हा पिशवीत भरायला स्वतः मदत केली. यावरून सर काय ते समजले.

घरी आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलावर पेन्सिल कानामागे खोचून कुणाचा तरी निबंध तपासत होती. ती दुसऱ्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची, आणि जर्नलवाले तिच्याकडे असे निबंध पाठवायचे. लोक आपण होऊन तिच्याकडे नापास व्हायला येतात, याचं सरांना नेहमी नवल वाटे. त्यांना स्वतःला ते लग्नानंतर घरबसल्या साधलं होतं.

"अगं, हे तुमचं जर्नल आणि आमचं साप्ताहिक, यात नेमका फरक काय?" सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"साप्ताहिकात संपादकाला आवडलं की छापतात. जर्नलचा संपादक तो निबंध त्याच विषयातल्या दोघा-तिघांकडे पाठवतो. लिहिणाऱ्याचं नाव झाकून. ते चुका काढतात, लिहिणारा दुरुस्त करतो, मग ते पुन्हा चुका काढतात."

"आणि हे कुठवर चालतं?"

"चुका संपेपर्यंत. नाहीतर लिहिणारा संपेपर्यंत."

"चित्रं असतात का?"

"आलेख असतात."

"मग वाचतं कोण असलं?"

बायकोने पेन्सिल कानामागून काढली. "ज्याला त्याच्यावर पुढचं काही उभं करायचं असतं तो. म्हणून तर खालचा दगड नीट बसलाय का ते आधी बघायचं. तुम्ही का विचारताय?"

"सहज," सर म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

दार लोटण्याला कारण होतं. निबंधासाठी त्यांनी आपला सर्वात गाजलेला लेख निवडला होता. त्यातलं म्हणणं असं, की घरात वस्तू कधीच हरवत नाहीत. नवरे त्या जागेवर ठेवतात आणि बायका त्या हलवतात. साप्ताहिकात या लेखाला सोळा पत्रं आली होती, सगळी नवऱ्यांची. तोच लेख सरांनी आता शास्त्रीय भाषेत बसवायला घेतला. 'विवाहोत्तर निवासी पर्यावरणातील दैनंदिन वस्तूंचे पत्नीप्रेरित स्थलांतर' असं नाव दिलं. बायकोला 'प्रस्तुत नमुना' केलं. 'प्रस्तुत नमुना सुदृढ असून बोलण्यास तत्पर, परंतु ऐकण्यास नाखूश आहे' हे वाक्य लिहिल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी उठून खोलीत एक फेरी मारली. पुराव्याच्या जागी लिहिलं, 'चष्मा आपण नेहमीच्या जागी ठेवला होता, हे संशोधकास चांगले आठवते.'

निबंध पाठवला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जर्नलच्या संपादकांना फोन लावला.

"कोणत्या शुक्रवारी येतोय?"

"कसला शुक्रवार?" संपादक म्हणाले.

मग बरेच शुक्रवार गेले. सरांनी जवळजवळ नाद सोडला, तेव्हा एका दुपारी स्टाफरूममध्ये ईमेल आला. दोन रिव्ह्यूअरची मतं सोबत जोडली होती. पहिला रिव्ह्यूअर सज्जन होता. त्याने लिहिलं होतं, 'विषय रंजक आहे. पुरावा जोडायचा राहून गेला असावा.' दुसऱ्याने मात्र चांगलं पानभर लिहिलं होतं आणि प्रत्येक ओळ सरांच्या वर्मी लागत होती.

'वस्तू हरवणारा, ती शोधणारा आणि दोष कुणाचा ते ठरवणारा इसम एकच आहे. हे निरीक्षण नव्हे, तक्रार आहे.'

'नमुन्याच्या स्वभावाविषयीचा मजकूर गाळावा.'

'संशोधकास चांगले आठवते, हे संशोधकाशिवाय आणखी कोणाला मान्य आहे काय?'

आणि शेवटी, ''अर्थात' हा शब्द पुरावा नाही. तो निबंधात एकोणचाळीस वेळा आला आहे.'

तळाशी संपादकांनी लिहिलं होतं, की वस्तू कोण कुठे ठेवतं याची तटस्थ नोंद करून निबंध पुन्हा पाठवल्यास विचार करू.

सर ताडकन उठले. हा पेन्सिलीचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता! घरात रोज ऐकत होते ते. नावं झाकलेली असली म्हणून काय झालं? पण विचारायचं कसं? विचारलं तर निबंध कुणावर लिहिलाय तेही सांगावं लागणार.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी आडून आडून सुरुवात केली.

"हल्ली कुणाला फार झोडपलंस का गं?"

"हो," बायको म्हणाली. "चांगला सोलून काढला. लाज म्हणून नाही. शिळंच नवं म्हणून खपवतो."

सरांनी कप खाली ठेवला. "शिळं नव्हतं ते! नव्याने लिहिलं होतं! अर्थात, आधी एकदा छापलं होतं..."

"भाजीवाला काय छापणार?" बायकोने विचारलं. "कालची कोबी आजची म्हणून देत होता. तुम्हाला बरं नाही का?"

सरांनी बरं नसल्याचं कबूल केलं. तेवढंच खरं होतं.

पण तटस्थ नोंदीची गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. रिव्ह्यूअरला पुरावा हवाय ना? देऊ की! घरात एक जुना मोबाईल पडला होता. तो त्यांनी पुस्तकांच्या कपाटात दोन जाडजूड शब्दकोशांच्या मध्ये उभा केला, कॅमेरा बैठकीच्या खोलीकडे वळवला आणि चार्जरला लावून दिला. आता बायको चष्मा उचलून दुसरीकडे ठेवताना रंगेहाथ सापडणार होती. सर रोज सकाळी कॅमेरा चालू करून कामाला जात आणि मनातल्या मनात हसत. चित्रण बघायचं त्यांनी एकदमच, सगळं जमल्यावर, असं ठरवलं होतं.

जमायच्या आधीच बायकोला एक शब्द अडला आणि तिने शब्दकोश ओढला.

सर घरी आले तेव्हा मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता, आणि बायको समोर हाताची घडी घालून बसली होती. 'बायको गप्प असेल तर काय समजावे' या विषयावर सरांनी दीड पान लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षर या वेळी उपयोगी पडलं नाही.

"माझ्यावर कॅमेरा लावलात?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्यावर नाही... अर्थात..."

"अर्थात काय?"

"वस्तूंवर."

"इतकी वर्षं एका घरात राहून तुम्हाला माझ्यावर कॅमेरा लावावासा वाटला." तिने आपले कागद गोळा केले. "मला विचारलं असतंत तरी चाललं असतं. मी स्वतः लावून दिला असता."

ती आतल्या खोलीत निघाली. बढती गेली तरी चालेल, पण ही पाठ अशी जाताना बघायची नाही, असं सरांना फार वर्षांनी इतक्या स्पष्टपणे वाटलं. त्यांनी तिला थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. प्राचार्य, निबंध, पत्नीप्रेरित स्थलांतर, सगळं. 'ऐकण्यास नाखूश' तेवढं गाळलं.

"'ऐकण्यास नाखूश'सुद्धा सांगा," बायको म्हणाली.

"म्हणजे दुसरी रिव्ह्यूअर तूच!"

"मी नाही. संपादकांनी आधी माझ्याकडे पाठवला होता, हे खरं. पहिलं पान वाचलं आणि परत केला. कळवलं, की मला हा तपासता येणार नाही, कारण मी यातला नमुना आहे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तपासायला आलेल्या निबंधाबद्दल बाहेर बोलायचं नसतं."

"मी बाहेरचा?"

"त्या बाबतीत, हो."

"मग तो दुसरा रिव्ह्यूअर कोण?"

"मला काय माहीत? कळू नये म्हणून तर सगळी खटपट असते." ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली. "लावा आता. काय सापडलंय ते तरी बघू. नमुन्याला तेवढा हक्क आहे."

दोघं शेजारी बसून बघू लागली. पडद्यावर बैठकीची खोली होती. दार उघडलं आणि सर आत आले. मोबाईलवर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होते. बोलता बोलता त्यांनी किल्ल्या भाजीच्या टोपलीत टाकल्या. खिडकीशी गेले, चष्मा काढून डोळे चोळले आणि चष्मा पडद्यामागे खिडकीच्या कडेवर ठेवला. टीव्हीचा रिमोट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ते वर्तमानपत्र नीट घडी घालून रद्दीच्या गठ्ठ्यात सरकवलं. इतक्या काळजीने त्यांनी आयुष्यात काही जागेवर ठेवलं नव्हतं. मग कमरेवर हात ठेवून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

उत्तर आलं नाही. बराच वेळ सर एकटेच ओरडत होते. मग दार उघडलं आणि बायको खांद्यावर पर्स घेऊन बाहेरून आत आली. ती घरातच नव्हती.

शेजारी बायको हसत होती. आधी तोंड दाबून, मग टेबलावर डोकं टेकवून, मग डोळे पुसत. सर हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसाचं चित्रण लावलं. मग तिसऱ्या. कलाकार तोच होता, फक्त वस्तू बदलत होत्या.

"संपलं," सर म्हणाले. "सिद्धान्तच गेला."

"संपलं कसं? आता तर निबंध झाला. हेच लिहा."

"हे? मीच चोर म्हणून?"

"साप्ताहिकात वाटलं ते लिहायचं. इथे दिसलं ते लिहायचं," बायको म्हणाली. "आणि पुढच्या वेळी कॅमेरा लावण्याआधी नमुन्याची लेखी परवानगी घ्या. कागद मीच देते."

सरांनी निबंध पुन्हा लिहिला. 'पत्नीप्रेरित' खोडून 'स्वयंप्रेरित' केलं. एकाच घरावरून सगळ्या घरांबद्दल बोलता येत नाही, हेही लिहिलं. प्रत्येक 'अर्थात' काढताना दात काढल्यासारखं दुखलं. दुसऱ्या रिव्ह्यूअरने आणखी एकदा पानभर लिहिलं, पण या खेपेला शेवटची ओळ होती, 'लेखकाच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते.' ही ओळ सरांनी इतक्या वेळा वाचली, की बायकोने त्यांना जेवायला तीनदा हाक मारली.

निबंध छापून आला. बढती मिळाली. प्राचार्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. निबंध मात्र त्यांनीही वाचला नाही. स्टाफरूममध्ये कुणी वाचला नाही, शेजाऱ्यांनी वाचला नाही. साप्ताहिकात एक ओळ आली तरी न्हावी दुसऱ्या दिवशी विषय काढायचा. इथे वर्ष उलटलं तरी चिटपाखरू फिरकलं नाही.

आणि मग एका सकाळी जर्नलकडून कळलं, की सरांच्या निबंधाचा एका नव्या शोधनिबंधात संदर्भ म्हणून उल्लेख झाला आहे. पहिला उल्लेख! कुणीतरी त्यांच्या दगडावर पुढचं काही उभं केलं होतं! सरांनी स्टाफरूम गोळा केली, प्राचार्यांना केबिनमधून बोलावून आणलं, सर्वांना चहा सांगितला आणि तो नवा निबंध मोठ्या पडद्यावर लावून नेमकी ओळ खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली :

"'संशोधक स्वतःच नमुना असल्यास त्याच्या आठवणीवर काडीचाही विश्वास ठेवू नये. याच्या उत्कृष्ट उदाहरणासाठी पाहा...'"

पुढे कंसात सरांचं पूर्ण नाव होतं.

ते सरांनी वाचलं नाही. बाकीच्यांनी वाचलं, आणि वरचं लेखिकेचं नावही वाचलं. आडनाव सरांचंच होतं.

सर त्याच पावली घरी गेले. बायको टेबलाशीच होती.

"निदान आधी मला विचारायचंस तरी!"

"विचारायचं कशाला? मी मनाचं काही लिहिलं नाही," ती म्हणाली. "दोन रिव्ह्यूअरनी तपासलंय. निबंधात बाकी सगळीकडे त्यांनी चुका काढल्या, फक्त तुमच्या ओळीपाशी दोघांनी एकच शेरा दिला."

"काय दिला?"

"'अर्थात.'"