दिवाण आणि सुभेदार यांचा तह

मंडळी, हाडवैरी कुत्र्यांना जिवलग मित्र कसं करावं, ही विद्या साऱ्या वऱ्हाडात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माणूस म्हणजे मी, नत्थुजी! हसू नका. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात येऊन कोणालाही विचारा. लोक मला शिव्या देतील, पण विद्या खोटी होती असं कोणी म्हणणार नाही.

त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला होता. सातासमुद्रापार अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथले लोक आपसातच लढत होते. त्यांचा कापूस तिथेच अडकला, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसासाठी व्यापारी एकमेकांच्या अंगावर पडू लागले. आमच्या बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली! अमेरिका उगवतीला की मावळतीला, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पण ‘देवा, लढाई चालू राहू दे’ म्हणून मारुतीपुढे रोज नारळ फुटत होता.

कापूस अमरावतीला न्यायचा तर एकट्यादुकट्याची सोय नव्हती. वाट लुटारूंची. म्हणून साऱ्या गावाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, एका रांगेत निघत. पुढे माझी बंडी, तिच्यामागे माझ्या शेजारच्या खुशालरावांची, मग बाकीच्या. प्रत्येक बंडीखाली चाकांच्या आखाला बांधलेला कुत्रा हवाच, कारण गाडीवानाला डुलकी लागली की चोर मागून कापूस उपसतात. माझ्या कुत्र्याचं नाव दिवाण. खुशालरावांचा सुभेदार. आणि दोघांचं असं वैर, की एकाची सावली दुसऱ्याला खपत नसे!

निघायच्या दिवशी रांग वेशीबाहेर पडली न पडली तोच सुभेदाराने दोर तोडला आणि तो थेट माझ्या बंडीखाली घुसला. आखाखाली जुंपली! बैल बिथरले, बंडी बाभूळबनात शिरली आणि बघता बघता बाभळींना कापूस लागला! गावच्या बाया दिवसभर काट्यांतून तो वेचत होत्या आणि माझ्या सात पिढ्यांची आठवण काढत होत्या.

“खुशालराव, तुमचा कुत्रा घरी ठेवा,” मी म्हणालो.

“काहून? तुमचाच ठेवा ना! माह्या सुभेदाराची बरोबरी करून राहिला का तुमचा तो दिवाण?”

झालं! घोडं तिथेच अडलं. दोघांपैकी एकही कुत्रा मागे राहीना, आणि पुढच्या दोन बंड्या निघाल्याशिवाय गाव निघेना.

तेव्हा मला युक्ती सुचली. त्याचं असं आहे, की माझे सासरे मला मुळीच आवडत नसत. पण सासुरवाडीला गेलं की गोवऱ्यांवर भाजलेला, तुपात बुडवलेला रोडगा मिळायचा. पुढे पुढे असं झालं, की सासरे नुसते दुरून दिसले तरी जीव कसा सुखावायचा! माणसाला जे लागू, ते कुत्र्याला का नाही? वैरी दिसला की तोंडात रोडगा. वैरी नजरेआड झाला की रोडगा बंद!

खुशालरावांनी पागोटं सरकवून डोकं खाजवलं. “आन कापूस?”

“भाव चढूनच राहिला ना! जेवढं थांबू तेवढा फायदाच.”

हे त्यांना पटलं. गावालाही पटलं. पटलं नाही ते एकट्या माझ्या बायकोला.

“आवो, आधी कापूस इका, मंग कुत्र्याईले शाळंत घाला!” पार्वताबाई म्हणाली. “घरात पाय ठेवाले जागा नाही. एक ठिणगी उडाली त सारं वरीस जळून जाईन!”

“तुले बाजारातलं काय समजते वं?” मी मिशीला पीळ दिला.

शाळा सुरू झाली. या बांधावर दिवाण, पलीकडच्या बांधावर सुभेदार. दिवाणाने सुभेदाराला पाहिलं, कान टवकारले, गुरगुरायला तोंड उघडलं आणि मी त्यात रोडगा कोंबला! बिचारा गोंधळला. गुरगुरावं की गिळावं? त्याने गिळलं. दुसऱ्या दिवशी दोघांना थोडं जवळ आणलं, तिसऱ्या दिवशी आणखी जवळ.

पण माझ्या रोडग्याला तूप जास्त, हे खुशालरावांच्या लक्षात आलं. त्यांनी लाडू आणले! मी वरण आणलं. “कुत्र्याले वरण? एवढा माज?” “तुमच्या लाडवाचा नाही वाटते माज!” आमची अशी जुंपली, की गावकऱ्यांनी आम्हाला दोन्ही हातांनी धरून वेगळं केलं. दिवाण आणि सुभेदार शेजारी शेजारी बसून आमच्याकडे बघत होते.

खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. पण गुरूला घाई करून चालत नाही. मी म्हटलं, अजून कच्चं आहे. घुंगरांच्या आवाजात बघू. बैलांच्या पायांत बघू. लोक विचारत, “नत्थुजी, जाऊ ना आता?” मी म्हणायचो, “भाव पिकू द्या, कुत्रेही पिकू द्या!”

कुत्रे इतके पिकले, की दिवाण सकाळी स्वतः जाऊन सुभेदाराला घेऊन यायचा. दोघं आमच्या चुलीपुढे बसायचे. दिवाण एकदा सुभेदाराकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. म्हणजे, वैरी आणला आहे, काढा रोडगा!

अखेर चैत्रात आम्ही निघालो. काय ती ऐट! घुंगरं वाजताहेत, पांढऱ्याशुभ्र बंड्या डुलताहेत आणि माझ्या एकाच बंडीखाली दोन्ही कुत्रे जुळ्या भावांसारखे चालले आहेत. वाटभर एक भुंकणं नाही!

अमरावतीचा बाजार मात्र गप्प होता. आमचा अडत्या गोवर्धनशेठ एरवी वेशीपर्यंत सामोरा यायचा, तो गादीवर कपाळाला हात लावून बसला होता.

“नत्थुजी, मुंबईची तार आली,” तो म्हणाला. “अमेरिकेत लढाई खतम! सुलह झाली. भाव पडला, आणि कापसाला कोणी हात लावायला तयार नाही.”

मी मागे वळून बघितलं. साऱ्या गावाचं वर्ष माझ्यामागे रांगेत उभं होतं. घरी पार्वताबाईला काय तोंड दाखवू?

खुशालराव सावकाश माझ्याकडे वळले. “आमी मारुतीपुढं नारळ फोडून राहिलो का भांडण चालू राहू दे, आन तुमी घरी बसून शांती करून राहिले! लागली ना ते अमेरिकेपावतर!”

साऱ्या बंड्यांवरून माना डोलल्या. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तसंच वाटलं!

खुशालरावांनी सुभेदाराला ओढून बाहेर काढलं. “भांड लेका! भांड म्हणतो ना!”

बुडत्याला काडीचा आधार. मीही दिवाणाला ढकललं. “चाव त्याले! फाड! आता फाड!”

अमरावतीच्या भर बाजारात दोन पागोटेवाले गळा फोडून कुत्र्यांना भांडा म्हणून विनवत होते. व्यापारी गाद्यांवरून उठून बघायला आले. दिवाणाने सुभेदाराकडे पाहिलं. सुभेदाराने दिवाणाकडे पाहिलं. मग दोघंही शेपट्या हलवत आमच्यापुढे नीट बसले आणि त्यांनी तोंडं उघडली.

पार्वताबाईने माझ्या शिदोरीत बांधून दिलेला एकच रोडगा उरला होता. मी तो मोडला, अर्धा याला दिला, अर्धा त्याला. विद्या मात्र, मंडळी, पक्की होती!