खुडूक बसल्यात

"सर, कोंबडा नसेल तर अंड्यातून पिल्लू निघतं का?"

नववीच्या वर्गात एवढी शांतता तपासणीच्या दिवशीसुद्धा झाली नव्हती. प्रश्न गुलनाजने विचारला होता, पण तो शेफालीचा होता. मधल्या सुट्टीत शेफालीने आणि तिच्या टोळीने पैज लावली होती, की विज्ञानाच्या सरांना हे विचारून दाखव, मग तुला मानू. दोन महिन्यांपूर्वीची गुलनाज असती तर बाकाखाली शिरली असती. पण मध्यंतरी तिने वेल्ह्याला जाऊन वक्तृत्व स्पर्धेत 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर भाषण ठोकलं होतं आणि पेला आणला होता. तेव्हापासून तिला जगात कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. तिने हात मागे बांधले आणि भाषणाच्याच आवाजात प्रश्न विचारला. विंझरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरलाही तो ऐकू गेला असावा.

सरांनी खडू डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, मग पुन्हा डाव्या. हे प्रकरण घरी वाचायचं आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. गुलनाज म्हणाली, वाचलं, त्यात बेडूक आहे, कोंबडी नाही. शेवटी सर खिडकीबाहेरच्या आंब्याला उद्देशून म्हणाले, "नाही निघत. नर लागतो. नुसतं अंडं म्हणजे नुसतंच अंडं. बसा आता."

वर्ग फिदीफिदी हसला. शेफालीने पैजेची चिंच बाकाखालून पुढे केली. पण गुलनाजने ती घेतली नाही. तिचा चेहराच उतरला होता. कारण घरी चुलीमागच्या कोपऱ्यात डालग्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला तीन आठवडे उलटून गेले होते, आणि कोंबडा थोरल्या बहिणीच्या, समीनाच्या, लग्नात गेला होता. पाहुणा म्हणून नव्हे.

झालं होतं असं, की शिरवळहून वऱ्हाड आलं ते ठरल्यापेक्षा एक टेम्पो जास्त. जेवण कमी पडणार असं दिसताच गुलनाजच्या अब्बांनी, म्हणजे सायकलचं दुकान चालवणाऱ्या जहांगीरभाईंनी, खुराड्यात हात घातला. तंगडी अर्थातच नवरदेवाच्या, अमीरच्या, ताटात पडली. दुसऱ्या दिवशी समीनाआपाही सासरी गेली. पहाटे बांग देणारा गेला आणि बांगेनंतर "ऊठ गं म्हशी" म्हणून पांघरूण ओढणारीही गेली. त्या आठवड्यात गुलनाज रोज शाळेत उशिरा पोचली.

घर असं गप्प झालं, की दुकानातला पंपाचा फुसफुस आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. अम्मी, म्हणजे रहमतबी, अजूनही चार ताटल्या काढायच्या आणि एक हळूच परत ठेवायच्या. नसरापूरकडून एसटी आली की उंबऱ्यावर यायच्या. कोणी उतरलं नाही, की एसटी धूळ उडवत वेल्ह्याकडे जायची आणि अम्मी आत. मग एके दिवशी समीनाची कोंबडी खुडूक झाली, अंडी घालायची सोडून उबवायला बसली. अम्मींनी साठवलेली सगळी अंडी तिच्याखाली घातली आणि म्हणाल्या, "घरात जरा चिवचिव हुईल."

अंडी सगळी लग्नानंतरची होती. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

गुलनाज शाळेतून आली तेव्हा अम्मी डालग्याशी कान लावून बसल्या होत्या. पिल्लू आतून टोच मारतं ते ऐकू येतं म्हणे. गुलनाज दारातच थांबली. भाषण करणं वेगळं आणि हे सांगणं वेगळं, हे तिला त्या क्षणी कळलं. शेवटी तिने एका दमात सांगून टाकलं.

अम्मींनी डालग्याला लावलेला कान काढला. "मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"आजच शिकलो आमी."

अब्बांनी अंडी परसात खड्डा करून पुरली. त्यातलं एक घरातच हातात फुटलं आणि त्या वासामुळे सगळ्यांनी अंगणात उभ्याने चहा घेतला. विषय संपायला हवा होता. पण कोंबडीला कोणी सांगणार? ती मोकळ्या डालग्यावर बसली ती बसलीच. डालगं उचलून दुकानात नेलं तर मागोमाग दुकानात येऊन बसली. अब्बांनी सवयीने त्यात पकड आणि पाने टाकले, तर त्यांनाच पोटाखाली ओढून घेतलं. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक चाक काढून उभं, आणि अब्बा हाताला फडकं गुंडाळून कोंबडीखालून पाना काढतायत, असा देखावा रस्त्यावरच्या माणसांनी दोन दिवस फुकट पाहिला. पाली गावाकडे राजगड चढायला निघालेल्या पोरांनी तर जीप थांबवून फोटो काढला.

अब्बांच्या हाताला तिसरी टोच बसली तेव्हा शेजारच्या धोंडाबाईंना बोलावलं गेलं. कोंबडीपासून नातवापर्यंत सगळ्यांवर त्यांच्याकडे उपाय असे. पहिला उपाय गार पाण्याचा. गुलनाजने कोंबडीला बादलीत बुडवून काढली. कोंबडीने पंख असे झाडले, की गुलनाजचा गणवेश, धोंडाबाईंचं लुगडं आणि वाळत घातलेल्या शेवया एकदम भिजल्या. मग ती तशीच ठिबकत डालग्यात जाऊन पान्यांवर बसली.

दुसरा उपाय नाकात पीस घालायचा. गुलनाज नको नको म्हणेपर्यंत धोंडाबाईंनी कोंबडीच्याच पंखातलं एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार केलं. आता हिला खुडूकपणाचा विसर पडेल, असं त्या सांगत होत्या. कोंबडी फौजदारासारख्या मिश्या घेऊन अंगणभर एक फेरी मारून आली आणि मिश्यांसकट पुन्हा बसली. गुलनाजने ते पीस काढून टाकलं. कोंबडीने तिला मात्र टोच मारली नाही, नुसते डोळे मिटले. धोंडाबाईंनी लुगडं पिळलं.

"मग आता येकच औषध राहिलं. कांदा-खोबरं."

अब्बांनी जखमी बोट बघितलं आणि मान डोलावली. म्हणाले, येत्या जुम्म्याला.

तेव्हापासून गुलनाजने कोंबडीची सगळी कामं अंगावर घेतली. शाळेत जाण्याआधी तिला उचलून अंगणात ठेवायचं, पुढ्यात भिजवलेली ज्वारी टाकायची, पाणी पाजायचं, धुळीत लोळवायचं. कोंबडी चार दाणे टिपायची, कुठल्याही क्षणी पिल्लं निघतील अशा घाईने पळत जायची आणि रिकाम्या जागेवर पिसं फुलवून बसायची. छाती हाताला चपटी लागायला लागली होती. अम्मी दारातून हे बघायच्या. एकदा त्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. "माजी बी घाल तिला," त्या म्हणाल्या आणि भाकरी गुलनाजच्या हातात देऊन आत गेल्या.

मागच्या खेपेला हीच कोंबडी अशी बसली होती, तेव्हा समीनाने तिला एका दिवसात उठवली होती. कशी, ते एकट्या समीनालाच माहीत. म्हणून गुलनाज चौकातल्या एसटीडी बूथवर गेली. आपाच्या घरी फोन नव्हता. शिरवळला गल्लीच्या तोंडाशी सावळाराम वाण्याचं दुकान होतं, त्याच्याकडे निरोप ठेवावा लागायचा. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत होते आणि गुलनाजकडे होती पेल्याबरोबर मिळालेली बक्षिसाची नोट. तिने वाक्यातले जेवढे शब्द गाळता येतील तेवढे गाळले.

"समीनाआपाला सांगा, ती गेल्यापास्नं घरी खुडूक बसलीय. उठत न्हाई, दाणा तोंडात घेत न्हाई. धोंडाबाईंचं सगळं औषध करून झालं. जुम्म्यापतुर कायतरी सांग म्हनावं, न्हाईतर मग संपलंच."

गाळलेल्या शब्दांत 'कोंबडी' हाही होता.

सावळाराम भला माणूस. दुकान पोराच्या ताब्यात देऊन तो जातीने निरोप सांगायला गेला. वाटेत त्याने विचार केला, मुलगी सासरी गेल्यापासून माहेरी कोण खुडूक बसणार? मुलीची आई. आणि सुनेसमोर तिच्या आईला 'बसलीय' कसं म्हणायचं? शोभत नाही. त्याने निरोपात एका अक्षराची लबाडी केली नाही, फक्त मान दिला. "तुमच्या घरी खुडूक बसल्यात," तो म्हणाला. "उठत न्हाईत. दाणा तोंडात घेत न्हाईत. औषधं थकली. जुम्म्यापतुर काय ते, म्हनाली तुमची भन."

शुक्रवारी सकाळी अब्बा सुरीला धार लावत होते आणि गुलनाज डालगं पाठीशी घालून उंबऱ्यात बसली होती. तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. थांबायच्या आधीच समीनाने उडी टाकली. मागून अमीर आणि अमीरची आई गुलनाजला ओलांडून आत शिरले. समीना रडत थेट स्वयंपाकघरात गेली. अम्मी शेवया निवडत होत्या.

"अम्मी, तू उठलीस?"

"उठू न्हाई तर काय करू? ऊन अंगणात आलं."

"आन् खातीस का काही?"

"तू आधी रडती कशापायी ते सांग. त्यानं काय केलं?"

अमीर दारात होता. आपण काय केलं ते आठवायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. समीनाने अम्मीला मिठी मारली, मग अमीरच्या आईने मारली, मग सगळ्यांनी गुलनाजकडे पाहिलं. तिने निरोप जसा दिला तसा म्हणून दाखवला. अमीरच्या आईने जसा मिळाला तसा म्हटला. दोन्हींमधलं अंतर मोजून झाल्यावर सगळ्यांचे डोळे एकदम डालग्याकडे वळले. कोंबडीने पान्यांवर जरा सरकून बसून घेतलं.

पहिल्यांदा अब्बा हसले. मग त्यांना आठवलं, की लेकीच्या सासरची माणसं लग्नानंतर पहिल्यांदाच दारात आलीत आणि घरात कापण्याजोगं एकच आहे. ते सुरी घेऊन उठले. गुलनाज डालग्यापुढून हलली नाही. ही बसली कशामुळे, अंडी वाया गेली कशामुळे, कोंबडा गेला कुठे, हे तिने पाहुण्यांना मुद्देसूद सांगितलं. सगळं 'पाण्याचे महत्त्व'च्याच चालीवर. तंगडीपाशी आल्यावर अमीर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"म्या म्हनलं बी न्हवतं तंगडी वाढा म्हनून," तो पुटपुटला.

"दोन खाल्ल्या, दाजी."

आत समीनाने ताटली वाढून घेतली होती. ती आणि अम्मी एकाच ताटलीत भाकरी खात होत्या आणि दोघी एकदम बोलत होत्या. अम्मींनी अर्धी भाकरी संपवून दुसरी घेतली. लग्नानंतर त्यांना दुसरी भाकरी घेताना गुलनाजने पाहिलं नव्हतं. हात पुढे केला तशा त्यांच्या बांगड्या मनगटावरून पार बोटांपर्यंत घसरल्या. अमीरच्या आईने ते पाहिलं. त्या माऊलीने आपल्या हाताने बांगड्या वर सरकवल्या आणि हळूच म्हणाली, "सावळाराम काय खोटं बोलला न्हाई."

समीनाने आपली भाकरीही अम्मीच्या पुढ्यात सरकवली.

मग अम्मींना यजमानपण आठवलं. त्या लगबगीने उठल्या, अमीरच्या आईने आणलेली टोपली उघडू लागल्या. आजाऱ्याकडे मोकळ्या हाताने जायचं नसतं म्हणून त्यांनी शक्तीसाठी घरची गावरान अंडी आणली होती, भुशात नीट रचून. निदान ह्यांची तरी पोळी टाकू, असं अम्मी म्हणाल्या आणि कांदा शोधू लागल्या.

गुलनाजच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तिने टोपलीवर हात ठेवला आणि अमीरच्या आईला आयुष्यातला दुसरा धाडसी प्रश्न विचारला. या वेळी पैज कोणाचीच नव्हती.

"चाची, तुमच्यात कोंबडा हाय?"

"हाय की. समद्या गल्लीला झोपू देत न्हाई मेला."

गुलनाजने डालग्यातले पाने काढून अब्बांच्या हातात दिले. सुरी आपोआप खाली ठेवली गेली. तिने एकेक अंडं कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. कोंबडीने चोचीने ते आत ओढून घेतलं, जणू उशीर झाला म्हणून रागावलीय. समीनाला तिची उठवायची युक्ती विचारायची गरजच उरली नाही. गुलनाज उठली. हात मागे बांधले. भाषणाचा आवाज काढायला गेली, पण तो काही आला नाही. मग ती साध्याच आवाजात बोलली.

"अब्बा, अम्मी, माजं ठरलंय. पाव्हन्यांना आज पिठलं. हिला रोज उठवून मी खाऊ घालीन. आन् ह्यातनं जो कोंबडा निघंल तो माज्या लग्नात कापायचा न्हाई, वऱ्हाड कितीबी येऊ दे. मी गेल्यावर ह्या घरात कुनीतरी वरडाया पायजे."