श्रीपतनानांचं युनिव्हर्सिटीचं काम

वाटूरच्या फाट्यावर श्रीपतनाना दिसले की बोलती माणसं गप्प होतात. कारण कोणी तोंड उघडलं की नाना खिशातला मोबाइल पुढे करतात. "टिपून घेऊ का? मंग बराबर बोल, युनिव्हर्सिटीचं काम हाय."

नाना माझे शेजारी. एसटीत कंट्रोलर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मंगल हैदराबादच्या एका विद्यापीठात संशोधन करते. यंत्राला आपली बोली समजावी, हा तिचा विषय. त्यासाठी तिला गावाकडचं बोलणं हवं होतं. एका सुट्टीत ती नानांना रेकॉर्डिंग शिकवून गेली आणि रिटायर झालेले नाना पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

तेव्हापासून त्या विद्यापीठाचं सगळं नानांचं झालं. "मोसंबीच्या पानाचा फोटो काढा, मशीन रोग सांगतंय. आमच्याच युनिव्हर्सिटीनं केलंय," असं ते चहाच्या हॉटेलात कोणालाही ऐकवत.

एकदा गिरणीवाल्या कडूबाईंनी सांगितलं, "काल आमची म्हैस याली." म्हणजे व्याली. मंगलच्या यंत्रानं मोबाइलवर लिहिलं, म्हैस आली. नानांनी ताबडतोब मंगलला फोन लावला. "आली म्हणायला ती गेल्ती कुठं?"

ही गोष्ट मंगलच्या सरांना इतकी आवडली, की नव्या विद्यार्थ्यांना ते पहिल्याच तासाला ती सांगू लागले. हे कळल्यावर नाना इस्त्रीचा सदरा घालून थेट माझ्या सातवीच्या वर्गात आले. म्हणाले, "पोरांनो, आता जमाना एआयचा हाय. मशीनला खुशाल इचारा. पण म्हैस याली का आली, ते गोठ्यात जाऊन बघा." मी वर्षभर घसा कोरडा करून जे सांगत होते, ते पोरांना त्या दिवशी कळलं.

दिवाळीत मंगल आली. अंगणात माझ्याशी बोलताना हळूच म्हणाली, "बाई, आवाज गोळा करायचं काम मागंच संपलं. नाना तरी रोज पाठवतात. मी जेवताना ऐकते. त्यांना सांगू नका."

मी नाही सांगितलं. ती गेल्यावर आठवड्याभरानं नानांनी मला रेकॉर्डिंगची यादी नीट लिहून द्यायला बोलावलं. फाइल उघडली तर वरच विद्यापीठाचं पत्र. काम पूर्ण झालं, आपल्या मदतीबद्दल आभार. पत्र वर्षभरापूर्वीचं.

मी वाचतेय हे नानांनी पाहिलं. मग म्हणाले, "फोन केला की पोरगी घाईत राह्यती, बाई. दोन मिनिटांत ठेवती. रेकॉर्डिंग मात्र पुरं ऐकती."

मी पेन उघडलं आणि विचारलं, "आजचं कोणाचं लिहू?"

"माझंच लिहा," नाना म्हणाले. "आज कुणी बोलायला भेटलंच न्हाई."