नानांची नदीतली भाजी

आमचे घरमालक नाना "मासा" हा शब्द तोंडाने उच्चारत नसत. मारुतीच्या देवळात संध्याकाळी पोथी वाचताना मत्स्यावतार आला, तर "पहिला अवतार" एवढंच म्हणून पुढे सरकत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. कांदासुद्धा चातुर्मासात घराच्या पायरीपर्यंतच येई.

मी शिंदखेड्याकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घराण्यात पहिलाच बी. ए. झालो आणि धुळ्याच्या शाळेत नोकरीला लागलो. नानांनी मला आपल्या घराची पुढची खोली दिली. घरी कुणी आलं की पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी ते सांगत, "आमना मास्तर बी. ए. शे!" माझ्या वडिलांनाही माझं एवढं कौतुक उघड करता आलं नव्हतं. ते ऋण मी विसरलेलो नाही.

नाना एकटेच होते. काकू वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घरात दोन मांजरं होती. म्हातारी चिमणी, आणि तिचा लेक पाटील. पाटील नावाप्रमाणेच काही काम करत नसे. दोघंही नानांच्या माळेच्या धाकात वाढलेली. बाजरीची भाकरी ताकात कुस्करून खायची आणि गप्प बसायचं. उंदीर समोरून गेला तर पाटील सभ्य माणसासारखा दुसरीकडे बघे.

एका हिवाळ्यात चिमणीचे केस झडू लागले. मग ती पाण्याच्या घागरीला धडकली, उंबऱ्याला अडखळली. नानांनी तिला उपरण्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो.

"हिला काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी. ताजी. वर ताक," नाना अभिमानाने म्हणाले.

"अहो, मांजर आहे ती! भाकरी-ताकावर तिचं भागायचं नाही. मासे द्या. नाही तर आहे ती नजरही जाईल, आणि मागोमाग तीही."

परतल्यावर ओट्यावर चढताना नाना म्हणाले, "मास्तर, मी करसू."

दुसऱ्या दिवशी आम्ही पांझरेच्या काठी गेलो. तिथे भिकाबाई भोईण मासे विकायला टोपली घेऊन बसे. तिची टोपली झाकलेली होती. नाना चार हात लांब उभे राहून म्हणाले, "माय, उद्या सकाळी घर नदीमानी भाजी लई ये."

सकाळी भिकाबाई काठावरचा कसला तरी ओला पाला ओटीभर घेऊन दारात हजर! "भाजी सांगी ना तुमी? भाजी लई उनू."

"भाजी नही, माय. ती... पानीमा ऱ्हास ती."

"बेडूक जोयजे का?"

शेजारच्या ओट्यावर हशा पिकला. नानांनी डोळे मिटले, माळ मुठीत धरली आणि आळी दणाणेल अशा आवाजात ओरडले, "मासोळी!"

"मंग आसं सांगा ना!" भिकाबाई म्हणाली.

भिकाबाईने परसात तीन दगडांची चूल मांडली. फुटक्या काठाच्या मडक्यात ती "भाजी" शिजू लागली. नाना नाकाला उपरणं लावून भिकाबाईला विचारत होते, "हाईमा मीठ टाकतस का?"

"काय नाना, चव लेनी शे का काय?"

एवढं रामायण झाल्यावर मांजरांनी ते तोंडातच घेतलं नाही. चिमणीने हुंगून मान फिरवली. पाटील तर भाकरीच्या डब्यापाशी जाऊन ओरडायला लागला. मी हसलो, पण नाना हसले नाहीत. त्यांनी भाकरी ताकात कुस्करली, तिच्यात नखाएवढी मासोळी मिसळली, आणि तीही आपल्या बोटांनी. मग थंडीत विहिरीवर जाऊन आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी मासोळी थोडी जास्त, भाकरी थोडी कमी. पुन्हा आंघोळ. असं रोज चाललं. पाटील काटे नको म्हणून रुसला, तर नाना चष्मा लावून काटे वेचत बसले.

गावात बोलणं सुरू झालं. देवळाचे कारभारी आबा एक दिवस ओट्यावर येऊन म्हणाले, "नाना, तुमना हातले वास येस. पोथीले हात लावू नका."

पोथी म्हणजे नानांचा जीव की प्राण. मला वाटलं, आता मडकं फुटणार. नाना शांतपणे म्हणाले, "आबा, पोथी बठ्ठास्ले, आख्खा गावले वाचता येस. हिले मासोळी कोन देई?"

नाना पोथीला जायचे बंद झाले.

उन्हाळा लागेपर्यंत मांजरांची भाकरी पूर्ण सुटली. चिमणीची गेलेली नजर काही परत आली नाही, पण राहिलेली टिकली. अंगावर केस आले. आणि पाटलाने, मी डोळ्यांनी पाहिलं, एक उंदीर धरला. मी नानांचं अभिनंदन करायला त्यांच्या जेवणाच्या वेळी मागच्या दाराने आत गेलो.

घरात देव, म्हणून मांजरांचं खाणं आता परसात होतं. नानांनी आपला पाट मागच्या दारापाशी सरकवून घेतला होता. ताटात भाकरी, वरण. बाहेर दोघं थाळीवर तुटून पडली होती. नाना घास हातात धरून त्यांच्याशी बोलत होते, "सावकाश, चिमने. कोनी मांगे लागेल नही."

पूर्वी ही दोघं नानांच्या ताटाला टेकून बसत आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्यासाठी त्यांचं जेवण संपेपर्यंत हलत नसत. आता थाळी चाटून झाली, पाटील भिंतीवर चढला आणि पलीकडे गेला. चिमणीही हळूहळू, भिंतीच्या कडेकडेने, उन्हात निघून गेली. नानांचं जेवण अजून अर्धंही झालं नव्हतं.

"तुमनी काकू गयी तवयपाईन मी एकला जेवनू नव्हतू, मास्तर," ते ताटाकडे बघत म्हणाले.

मी म्हणालो, "नाना, थोडी कमी द्या ना. म्हणजे थांबतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा बी. ए. मला जड झाला.

"भुक्यं ठेवाना का मी त्यास्ले?" ते म्हणाले, आणि उरलेली भाकरी वरणात बुडवून एकटेच जेवू लागले.