ऐन की किंजळ: कातळवाडीच्या मोहिमेची हकीकत

श्री देवी सातेरी समर्थ. शके अठराशे ऐंशी, कुडाळ प्रांती मौजे कातळवाडी येथे एका झाडाचे नाव ठरविण्यास्तव जे घोर रण माजले, त्याची हकीकत सत्य जाणोन लिहिली असे. ज्यास शंका येईल त्याने खुशाल झाडावर चढावे.

कार्तिकमासी काशीबाई नामे विधवा रयत, इचे घराचा आढ्याचा वासा वाळवीने खाल्ला, आणि बाईने देवीस कौल लाविला, आणि देवीने कौल दिधला की सामायिक रानातील ऐन तोडावा, किंजळास कुऱ्हाड लावू नये. रानात सरळसोट झाड एकच उरले होते. मग राजमान्य राजेश्री भिकाजी गावकार यांणी फर्माविले की साल सुसरीच्या पाठीसारखी, सबब हा ऐन. मग विद्यावाचस्पती शंकर मास्तर यांणी चष्मा पुसोन जाहीर केले की भेगा उथळ, सबब हा किंजळ. वाडीची दोन शकले जाहली. चहा बंद, विडीकाडी बंद. काशीबाई अर्ज करिती जाहली, "काय ता बेगीन ठरवा, माजा छप्पर खाली येता!" परंतु थोरांच्या मसलतीत बायकामाणसाचे कोण ऐकतो!

शेवटी तह जाहला की माघात फळे पिकतील. पाच पंखांचे फळ तो ऐन, एक मोठा नि दोन धाकटे पंख तो किंजळ. आणि पौषात कवळ तोडणीचा, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजावयास डहाळ्या उतरविण्याचा दिवस आला, आणि सालाबादप्रमाणे उभय फौजा कोयते घेऊन त्याच झाडावर चढल्या, भिकाजीराव उजवे फांदीस, मास्तर डावे फांदीस, आणि झाडाचा निव्वळ सोटा करोन हसतखेळत घरी आल्या. फळे भाजावळीत राख जाहली, तेव्हा तहाची याद आली. हाय रे दैवा! उभयतांनी एकमेकांची तोंडे पाहिली.

मग पुढील माघाची वाट पाहणे आले. मध्यंतरी आषाढात काशीबाईचे घर बसले आणि बाई भावाकडे कुडाळास गेली. बाब किरकोळ, सबब विस्तार केला नाही.

पुढील साली झाडास पहारा बसविला, कोयता फिरकू दिला नाही, आणि माघी पाच पंखांचे फळ हाती आले. ऐन! ऐनच! नारळ फुटले, ढोल वाजले, मास्तरांनी पराभव थोर मनाने पत्करिला आणि दोन लाडू अधिक खाल्ले. मग गावकारांनी कुडाळास हुकूम धाडिला की वासा मंजूर, घेऊन जावा.

बाईचा जबाब आला, "वासो गावलो, बरा झाला. आता तो घालूक घर धाडून देवा."

जबाब सभेत वाचिला नाही. कातळवाडीने ऐन ओळखिला, मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद असे.