गार्डने रेषा ओलांडू नये

एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात माझ्या हातून एकही समारंभ बिघडलेला नाही. तीन मुलींची लग्ने, चर्चची असंख्य भोजने, खुद्द नवऱ्याचा दफनविधी, सारे घड्याळाच्या काट्यावर! त्यामुळे शाळेचे मुख्याध्यापक जेव्हा म्हणाले, "आर्लिसबाई, टेसची जर्सी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुम्हीच न्यायची," तेव्हा मी उत्तरले, "एवढेच ना? चालायचे तर आहे!"

माझी थोरली मुलगी जोलीन मात्र गाडीत बसल्यापासून सुरू झाली.

"आई, काठी घे."

"काठी म्हाताऱ्या घेतात."

"बरं! पण कुठं जरा जरी अडखळलीस ना, तर या गाडीची किल्ली माझ्याकडे. कायमची!"

आमच्या गावात गाडीची किल्ली गेली की माणूस गेल्यातच जमा. शेतापासून शाळा सात मैल, चर्च नऊ. गेली वीस वर्षे मी शाळेचा एकही सामना चुकवलेला नाही, तो याच किल्लीच्या बळावर! मी मान ताठ केली आणि म्हटले, "कबूल!" शाळेपाशी उतरताना किल्ली तिच्याकडेच सांभाळायला दिली.

टेस ही माझी नात, जोलीनचीच मुलगी. त्या शुक्रवारी तिची बावीस नंबरची जर्सी शाळेच्या बंदिस्त मैदानाच्या छताला कायमची टांगली जायची होती, म्हणजे तो नंबर पुन्हा कोणी घालायचा नाही, असा मान! सहा वर्षांची असताना ती कोठारावर आजोबांनी ठोकलेल्या बास्केटबॉलच्या रिंगमध्ये चेंडू टाकत असे. आमच्या आयोवात जानेवारीच्या थंडीने चेंडूचा दगड होतो, टप्पा म्हणून घेत नाही! पोरगी टप्प्यावाचून, निव्वळ मनगटाच्या जोरावर शिकली. शाळेत दोन हजारांवर गुण, मग विद्यापीठ, मग तेरा वर्षे व्यावसायिक संघ. शिवाय हिवाळ्यात कधी पोलंडच्या संघात, कधी तुर्कस्तानच्या. गुडघ्यातला अस्थिबंध दोनदा फाटला. दुसऱ्या खेपेस डॉक्टर मला म्हणाले, "आता खेळणे कठीण." अकरा महिन्यांनी तिने एका सामन्यात एकतीस गुण केले. मी डॉक्टरांना वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले. दोन प्रती!

मीही याच मैदानावर खेळले आहे. आमच्या काळी मात्र मुलींचा खेळ निराळा होता. संघात सहा जणी: गुण करणाऱ्या तीन फॉरवर्ड, अडवणाऱ्या तीन गार्ड. मधोमध एक रेषा, आणि ती कोणीही ओलांडायची नाही. मी गार्ड. चेंडू हिसकावायचा, रेषेपलीकडे फेकायचा आणि कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. चार वर्षांत मी रिंगकडे एकदाही चेंडू टाकला नाही. तो हक्क पलीकडच्यांचा. माझ्या चेंडूचे पलीकडे काय होत असावे, हे मला टेस खेळू लागली तेव्हा उमगले. ती उडी घेई आणि मी बाकावरून उठून उभी राही!

असो. दिवे मंदावले, बँड वाजू लागला. पलीकडच्या टोकाला टेस उभी, सहा फूट दोन इंच, दीपस्तंभासारखी. मी दोन्ही हातांवर जर्सी घेऊन निघाले. चाल अशी की राणीने धडा घ्यावा! आणि मधल्या रेषेपाशी माझे पाऊल थांबले.

मी थांबवले नाही हो, तेच थांबले! त्रेसष्ट वर्षांत मैदानाच्या त्या लाकडी जमिनीवर मी पाऊल ठेवले नव्हते, आणि पावलाला जुना नियम तोंडपाठ होता.

बँडने शाळेचे गाणे पुन्हा वाजवले. मग तिसऱ्यांदा.

"आजींना गहिवरून आलंय," मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून म्हणाले.

"गहिवर कसला! तिला झटका आलाय!" जोलीन किंचाळली.

झाले! रुग्णवाहिकेचा स्वयंसेवक मर्ल स्ट्रेचर घेऊन धावला. शेतकऱ्यांनी टोप्या काढल्या. पाद्रीबुवांनी डोळे मिटून प्रार्थना आरंभली. मागच्या बाकावरून आमच्या चर्चमधल्या बेव्हर्लीचा आवाज आला, "बटाट्याचं सॅलड मी आणते!" बेव्हर्ली बटाट्याचे सॅलड केवळ दफनविधीलाच आणते!

"मी जिवंत आहे!" मी गरजले.

"काहीसुद्धा झालेलं नाही तिला!" शेजारच्या गावची डॉर्कस, माझी जुनी प्रतिस्पर्धी, काठी आपटून ओरडली. "गार्ड आहे ती! रेषा कशी ओलांडेल?"

एवढ्यात मला नियमातली पळवाट सुचली. फेकायला तर परवानगी होती! मी जर्सी छातीशी धरली आणि दोन्ही हातांनी टेसकडे भिरकावली. कापड ते, चेंडूसारखे थोडेच जाणार! ते माझ्या पुढ्यातच पडले.

"सुटला चेंडू!" डॉर्कस ओरडली.

सुटला चेंडू उचलणे गार्डचे काम! मी वाकले. त्याच क्षणी मर्लही वाकला. आमची डोकी आपटली, आणि स्ट्रेचरवर मर्ल गेला.

तोवर टेस आपला दुखरा गुडघा सांभाळत रेषेपाशी आली होती. तिने जर्सी उचलली नाही. माझ्यासमोर हात पुढे केला.

"आजी, तो नियम बत्तीस वर्षांपूर्वी गेला."

"मला कोणी लेखी कळवलेले नाही."

"मी कळवतेय ना. जर्सी उचल आणि ये. मी जन्मभर इकडे खेळले, ते तुझ्याच चेंडूवर."

  मी जर्सी उचलली, तिचा हात धरला आणि पाऊल टाकले.

"रेषा!" सभागृहातल्या माझ्या काळच्या साऱ्या म्हाताऱ्या एकसुरात ओरडल्या, आणि मग त्याच एकेक करून उभ्या राहिल्या. डॉर्कससुद्धा! मी पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून रिंग केवढी उंच दिसते म्हणून सांगू! आणि ही पोरगी तिथवर रोज पोचत होती.

जर्सी वर चढली. जोलीनने डोळे पुसले आणि निमूटपणे किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"जा, तूच चालव. अडखळली नाहीस, नुसती थांबलीस."

मी ऐटीत गाडी काढली. फाटकापाशी त्याच आठवड्यात नवी, ठसठशीत पांढरी रेषा रंगवली होती. मागे चाळीस गाड्या भोंगे वाजवत होत्या, असे जोलीन सांगते. मला आठवत नाही. घरी येताना गाडी तीच चालवत होती.