सबनीस सरांचे चिमटे

आमचे शेजारी सबनीस सर रोज सकाळी टोमॅटोच्या रोपांना चिमटे काढायचे. स्वतःच्या, आणि गॅलरीतून हात लांबवून माझ्याही.

कोपरीतल्या या इमारतीत राहायला आल्या आल्याच मी त्यांना रंगेहाथ पकडलं. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले.

"सर, पानं का कुरतडताय?"

"सावध करतोय. पानाला जखम झाली की झाडात जास्मोनिक आम्ल वाढतं. संप्रेरक आहे ते. मग पान अळीला पचत नाही. आधीपासून सवय लागू दे."

"पण अळी आलेलीच नाही."

"म्हणून तर."

मी घरात आलो. सर काय म्हणाले, असं बायकोने विचारलं. म्हटलं, अळी येऊ नये म्हणून सर स्वतःच अळी झालेत. ती माझ्याकडेच काळजीने बघायला लागली.

मग चिमटे काढलेली एक कुंडी त्यांनी आमच्या कठड्यावर आणून ठेवली. म्हणे, तिच्या वासाने शेजारची रोपंही तयारीला लागतात. मी इमानेइतबारे वास घेतला. काही कळलं नाही. अळ्या आल्या नाहीत हे खरं, पण टोमॅटोही आले नाहीत. दोन्ही घरची रोपं वीतभर, टणक, रुसल्यासारखी.

"सर, टोमॅटो कधी?"

सर पहिल्यांदाच अडखळले. "सगळी ताकद बचावात गेली की वाढ खुंटते. मीच शिकवायचो हे." मग रोपाकडे बघत म्हणाले, "मुग्धालाही असंच वाढवलं. जग टोचून बोलायच्या आधी आपणच बोलायचं. आता तिला कशाचाच त्रास होत नाही. माझाही नाही."

मुग्धा त्यांची मुलगी, डोंबिवलीत असते. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून चिमटे बंद झाले. काही दिवसांनी सर म्हणाले, "रविवारी मुग्धा येतेय. तुम्ही पण या हो. कुणी असलं की मी जरा कमी बोलतो."

रविवारी त्यांच्या गॅलरीत एक हिरवी अळी निवांत पान खात होती. मी उचलायला गेलो.

"राहू दे. थोडं खाईल," सर म्हणाले. हात पाठीमागे घट्ट धरलेले.

बेल वाजली. मुग्धा दारातच ताठ उभी राहिली. "उशीर झालाय, माहितेय मला."

सरांनी तोंड उघडलं. आता चिमटा बसणार, असं मला वाटलं.

"दमलीस का गं?" सर म्हणाले.

मुग्धा गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. बाबा काय म्हणाले, ते मी तिला सांगावं, तशी.